चर्चमधला ढावलो

"सूनबाई, एक गोष्ट तुमच्या पाद्रीले अगुदर सांगून ठेवजा," नवरीची आजी धनीबाई मला म्हणाली होती. साखरपुड्याचा दिवस होता आणि ती आमच्या मागच्या अंगणात पाय पसरून बसली होती. "बाप हात देईन तवा पोरगी रडन. मोठ्यानं रडन. आन् ते रडनं मधात थांबवाचं नसते."

मी तेव्हा बाळाच्या तोंडातून कोळशाचा तुकडा काढत होते. "रडू दे की, आजी. आमच्याकडेही मुली रडतात. मी दोन रुमाल जास्तीचे ठेवीन."

"रुमालाचं रडनं नाही ते," धनीबाई म्हणाली, आणि माझ्या बी.ए.कडे एकदा आरपार बघून तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

मी विसरले. त्या दिवसांत मला बाळाचा खोकला, विहिरीचं पाणी, विंचू, उघड्या टाचण्या आणि सासूबाईंचा मूड एवढ्यांची काळजी असायची. रडणाऱ्या नवरीची काळजी करायला जागाच उरली नव्हती.

लग्न मंगळवारी ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी भस्मबुधवार. एकदा उपासकाळ लागला की ईस्टरपर्यंत आमच्या चर्चमध्ये लग्न लागत नाही. यवतमाळच्या आमच्या दगडी चर्चला तेव्हा स्वतःचा पाद्रीही नव्हता. पाद्रीसाहेब चांद्याहून आले होते आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. आणि नवरीच्या, म्हणजे हंसाच्या बापानं, हिरासिंगमामांनी, स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "मंगळवारी झालं तं झालं. नाही तं पोरगी तांड्यात वापस. बाभुळगावचा तो बिजवर अजून इचारून राह्यला."

त्या बिजवराकडे जमीन बरीच होती आणि दात कमी. त्याचं नाव निघालं की एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारी हंसा एकदम गप्प व्हायची. मी ते पाहिलं होतं. पाहण्यात मी कधी कमी पडत नाही. पाहिलेल्याचा अर्थ लावण्यात पडते.

नवरा मुलगा, म्हणजे माझा दीर शांतवन, चांद्याच्या दवाखान्यात कंपाउंडर आणि हंसा तिथेच नर्स. तिनं आदल्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बोरी अरबच्या पुढच्या त्यांच्या बंजारा तांड्यात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. मग हिरासिंगमामांचं मन वळलं, लखीराम म्हणजे हंसाचा भाऊ वळला, वळली नाही ती फक्त धनीबाई. हंसाची आई ती लहान असतानाच गेली होती. या आजीनंच तिला वाढवलं, म्हणून हंसा तिलाच 'याडी' म्हणजे आई म्हणायची.

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार पुकारा होतो: कोणाला या लग्नाबद्दल हरकत असेल तर आत्ताच सांगावं. तिन्ही रविवारी धनीबाई बसनं आली आणि मागच्या बाकावर बसली. दर वेळी सगळं चर्च माना वळवून तिच्याकडे बघायचं. दर वेळी ती तंबाखू चघळत समोर क्रुसाकडे बघत राहायची. तिसऱ्या रविवारी सासूबाईंनी मोठ्या आशेनं तिला विचारलंसुद्धा, "काही बोलाचं होतं का तुम्हाले?"

"इचार करून राह्यली," धनीबाई म्हणाली.

सासूबाईंची आशा अशी की त्यांना शांतवनसाठी नगरची एक मास्तरीण हवी होती. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना पाण्यात पाहत आणि या एका बाबतीत त्यांचं संपूर्ण एकमत होतं.

*

लग्नाच्या सकाळी पहिला तंटा साडीवरून झाला. सासूबाई म्हणाल्या नवरी पांढऱ्या साडीत उभी राहील. धनीबाई म्हणाली, पांढरं नेसायला तिचा नवरा अजून जिवंत आहे. शेवटी साडी पांढरी, आणि डोक्यावर आजीनं स्वतः भरलेली आरशांची लाल ओढणी, असं ठरलं. कोणीच खूश नव्हतं, म्हणजे तोडगा योग्य होता.

चर्चमध्ये डावीकडे आम्ही आणि उजवीकडे तांडा. तांड्यातल्या बायकांच्या अंगभर आरसे, आणि खिडक्यांतून ऊन. छतावर, भिंतींवर, पाद्रीसाहेबांच्या टकलावर उजेडाचे ठिपके नाचत होते. माझं बाळ ते पकडायला उसळ्या मारत होतं. पुढच्या बाकावरच्या बाईच्या ओढणीचा एक आरसा सैल होता आणि बाळाचं लक्ष नेमकं तिकडे होतं. त्यामुळे अर्धं लग्न मी त्या आरशाकडे बघण्यात घालवलं. चर्चचा जुना ऑर्गन वाळवीनं खाल्ला होता, म्हणून आमचे हे कोपऱ्यात पेटी घेऊन बसले होते.

आमच्या लग्नविधीचा क्रम आता सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्या क्रमानंच केला. आधी पाद्री दोघांना विचारतात, करशील का? दोघं 'करीन' म्हणतात. मग नवरीचा बाप तिचा हात देतो. आणि त्यानंतर नवरानवरी एकमेकांना वचन देतात. म्हणजे आमच्यात बाप मुलगी देतो ते मधेच. तांड्यात मुलगी देणं म्हणजे शेवट.

हंसा 'करीन' म्हणाली ती इतक्या हळू की पाद्रीसाहेबांनी पुन्हा विचारलं. थोरामोठ्यांसमोर नवरीनं याहून मोठ्यानं बोलायचं नसतं, हे मूळच्या नगरकडच्या पाद्रीसाहेबांना कुठून माहीत असणार? त्यांच्या कपाळावर तिथेच पहिली आठी पडली.

"या स्त्रीला या पुरुषाशी विवाह करण्यासाठी कोण देतो?"

हिरासिंगमामांना सबंध विधीत एकच शब्द बोलायचा होता. तो त्यांनी आठवडाभर शेतात बैलांसमोर घोकला होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मागून घेतलेले बूट पायाला चावत होते आणि त्यांच्या मनात एकच भीती होती, की वेळेला शब्द फुटला नाही तर?

"मीऽऽ!"

छतातलं कबुतर उडालं. मामांनी मुलीचा हात पाद्रीसाहेबांच्या हातात दिला. आणि हंसानं तो सोडवून घेतला, वळली, बापाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, आणि सुरू झाली.

आधी खालून, जात्याच्या पहिल्या फेऱ्यासारखा घुमता आवाज आला. मग तो चढला. मग शब्द आले, त्यांच्या बोलीतले, लांब ओढलेले, प्रत्येक ओळीच्या शेवटी हुंदका. तांड्यातल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले आणि मान डोलावली. एकजण दुसरीला म्हणालीसुद्धा, "चांगलं उचललं पोरीनं."

आमच्या बाजूला सासूबाईंची पिशवी खाली पडली. आमचे हे दचकले, आणि मग सवयीनं पेटीवर तिचा सूर शोधू लागले. काळी चार. सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून मी लांबूनच डोळे वटारले.

पाद्रीसाहेबांनी पुस्तक मिटलं.

"हे लग्न होऊ शकत नाही."

"काहून?" हिरासिंगमामा गळ्यातल्या मुलीच्या वरून म्हणाले.

"मुलगी राजी नाही."

"राजी आहे, साहेब," शांतवन घाईघाईनं म्हणाला. "दोन वर्षांपासून आहे."

"मी मुलीबद्दल बोलतोय."

"मीही तिच्याबद्दलच बोलतोय."

"ती आक्रोश करतेय!"

"साहेब, तुमी वाचत राहा ना," मामा समजुतीनं म्हणाले. "ती इकडं रडन, तुमी तिकडं वाचा. दोन्ही कामं होऊन जातीन."

पाद्रीसाहेब वाईट माणूस नव्हते. मागच्याच वर्षी दुसऱ्या एका गावी त्यांनी एका रडणाऱ्या मुलीचं लग्न लावलं होतं. 'मुली रडतातच' असं तिथेही कोणी वहिनी म्हणाली असणार. ती मुलगी तिसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर सापडली, जिवंत, देवाची कृपा. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की मुलीच्या तोंडून स्वच्छ वचन ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"तिला रडणं थांबवायला सांगा. शांतपणे, सर्वांसमोर, वचन म्हणू दे. मी लगेच लग्न लावतो."

"थांबवू?" मामांनी विचारलं. "मधात?"

लखीराम पुढे आला आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हळू आवाजात समजावू लागला. हा ढावलो. नवरी एकेकाच्या गळ्यात पडून त्याच्यासाठी रडते. बाप, भाऊ, काकू, शेजारीण, सगळ्यांत शेवटी जिनं वाढवलं ती. मधेच थांबली तर उरलेली माणसं तिला मेली, असा अर्थ होतो. आणि चर्चचा उंबरा ओलांडला की पुन्हा सुरू करता येत नाही. आता निम्म्यावर थांबवलं तर बापाला तांड्यात तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

तेव्हा मला अंगणातली धनीबाई आठवली. मी उठून पाद्रीसाहेबांकडे गेले, बाळासकट. "साहेब, ही त्यांची रीत आहे. मला आधीच सांगितलं होतं."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

बाळानं साहेबांचा चष्मा ओढला.

"आत नेऊन एकटीला विचारा ना," मामंजींनी सुचवलं.

"वचन मंडळीसमोरच द्यावं लागतं. साडेतीन वाजत आले. माझी गाडी..."

"चाल, हंसा!" हिरासिंगमामांनी फेटा सारखा केला. त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता. "ज्या देवळात पोरीले रडू देत नाही तिथं पोरगी देनं नाही. चाल घरी!"

पण त्यांना चालता येईना. हंसानं गळ्याची मिठी अशी घट्ट केली की बाप एक पाऊल पुढे गेला की मुलगी एक पाऊल मागे ओढायची. रडणं जराही न थांबवता. मामा दोनदा निघाले आणि दोनदा जागच्या जागी फिरले. चावणाऱ्या बुटांत गडी घामाघूम झाला.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "होत नसन तं राहू दे बापा. नगरची अजून खाली हाय म्हनतात."

एवढ्यात पाद्रीसाहेबांनी हात वर केला. "थांबा. ती आत्ता त्याचं नाव घेतेय. शांतवन, शांतवन. काय म्हणतेय ती?"

लखीरामला पुढे ढकलण्यात आलं. त्याला पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावलं.

"म्हनते," लखीराम घाम पुसत म्हणाला, "की सासर लय चांगलं भेटलं."

"खोटं काहून बोलतं बे, देवाच्या पुस्तकावर?" उजवीकडच्या रांगेतून धनीबाईचा आवाज आला. "पोरगी म्हनून राह्यली, बापू, तू मले अशा घरी देल्लं जिथं सासू चहाले दुधाचं तोंड दाखवते आन् माघारी नेते."

सगळं चर्च सासूबाईंकडे वळलं.

"माहा चहा?" सासूबाई उभ्या राहिल्या. "साखरपुड्याले दोन कप पेली ते! तिसरा मागतला!"

"तेही म्हनते," धनीबाई म्हणाली. "तीनदा पेली तवा एक कप पेल्यासारखं वाटलं, म्हनते."

ढावल्यात सासरला नावं ठेवायचीच असतात, जितकी जास्त तितका मान, हे आम्हाला पुढे कळलं. त्या क्षणी सासूबाईंना कोण सांगणार? त्यांच्या चेहऱ्यावरून नगरची मास्तरीण कायमची पुसली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली.

"साहेब, लावा लग्न!" त्या गरजल्या. "आता हेच सून पाहिजे मले! येऊ दे घरी. दाखवते तिले चहा!"

"बाई, मुलीच्या संमतीचा प्रश्न आहे, तुमच्या नाही," पाद्रीसाहेब हताश होऊन म्हणाले.

आणि हंसा हुशार. सगळं ऐकत होती. बापाच्या खांद्यावर डोकं, डोळ्यांतून खऱ्या धारा, आणि कान आमच्याकडे. तिनं एक लांब श्वास घेतला आणि सूर बदलला. ओळी आखूड झाल्या. त्यात पुन्हा शांतवनचं नाव आलं. तांड्यातल्या दोन बायकांनी चमकून पदर खाली केला. लखीराम कानापर्यंत लाल झाला.

"आता काय म्हणाली?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"मले नाही सांगता येत, साहेब."

"शपथ घेतली आहेस."

"बहीन हाय माही!" लखीराम जवळजवळ रडायला आला. "भावानं तोंडानं बोलाचं नसते ते. दुसऱ्या कोनाले इचारा."

दुसरं कोण? त्यांची बोली आमच्या बाजूला कोणालाच येत नव्हती. मामांच्या गळ्यात मुलगी होती. बाकीचे पुरुष खिडकीबाहेर बघू लागले. बायका रांगेत उभ्या होत्या, एकीनंतर एक, कारण हंसा आता बापाला सोडून त्यांच्याकडे येणार होती, आणि आपला नंबर सोडून कोण जाणार? रांगेच्या अगदी टोकाला धनीबाई उभी होती.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तीन रविवार बघितलं होतं तसेच. तिनं फक्त 'मले समजलं नाही' म्हटलं असतं तरी दुपारची गाडी पाद्रीसाहेबांना घेऊन गेली असती आणि हंसा संध्याकाळी तांड्यात असती. हे तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. शांतवनला इतकं ठाऊक होतं की त्याच्या हातातली अंगठी खाली पडून बाकाखाली गडगडत गेली.

धनीबाईनं आपल्या उभं राहण्याच्या जागेकडे एकदा पाहिलं. मग घागऱ्याचा घोळ सावरत, पायांतल्या कड्यांचा आवाज करत, ती वेदीच्या पायरीवर पाद्रीसाहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"लिवून घ्या का ऐकून घ्या," ती म्हणाली. "पोरगी म्हनते, या शांतवनले मी आपला करते. चांगल्या दिसात आन् खराब दिसात. पोटाले असन तवा आन् नसन तवा. बिमार पडला तं सुई मीच देईन, दुसरी नर्स पायजे नाही." तिनं कान टवकारून पुढचं ऐकलं. "मरेपर्यंत, म्हनते. आन् म्हनते, साहेबाले सांग गाडी गेली तं जाऊ दे, पन माहं लग्न लाव."

चर्चमध्ये कोणीतरी फसकन हसलं. पाद्रीसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आजी, एक खरं सांगा. हे ती मनापासून म्हणतेय का? इतकं रडतेय..."

"साहेब," धनीबाई म्हणाली, "जिले जाचं नसते ते रडत नाही. ते मुकी होते. मी मुकी होती माह्या लग्नात. बायकांनी चिमटे काढले, तरी सूर निंघाला नाही." तिनं हंसाकडे हनुवटी केली. "हिचा आवाज पाहा कसा लागला."

पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं.

पुढचं लग्न असं लागलं: शांतवन बाकाखालून अंगठी काढून धुळीनं भरलेल्या गुडघ्यांनी उभा राहिला आणि त्यानं आपलं वचन म्हटलं. पाद्रीसाहेब हंसाचं वचन एकेक तुकडा म्हणत, हंसा तो एकेकीच्या गळ्यात पडून आपल्या बोलीत रडत म्हणे, धनीबाई पायरीवरून तो मराठीत सांगे, आणि पाद्रीसाहेब 'आमेन' म्हणत. आमचे हे काळी चार धरून बसले होते, आणि या वेळी मी डोळे वटारले नाहीत. सासूबाई तर मधेच कोणाच्या तरी गळ्यात पडून रडल्या. ती बाई तांड्यातली होती आणि त्यांना ओळखतही नव्हती.

अंगठी घालताना बाळानं आरसा तोडलाच. मी त्याच्या गालात बोट घालून तो काढत होते, म्हणून शेवटचा क्षण मी अर्धाच पाहिला. हंसा रांगेच्या टोकाला पोचली. हात पसरले. तिथे कोणी नव्हतं. ती वळून पायरीकडे बघते न बघते तोच बाहेर टांगेवाल्यानं आरोळी ठोकली, "साहेब, गाडी सुटून राह्यली!" पाद्रीसाहेबांनी घाईनं आशीर्वाद दिला, ह्यांनी पेटीवर जोरात गीत सुरू केलं, पोरांनी तांदूळ उधळले, आणि शांतवननं हात धरून हंसाला नेलं. उंबरा ओलांडला.

धनीबाई पायरीवरून सावकाश उतरली. माझ्याजवळ थांबून तिनं माझ्या हातातला तो ओला आरसा घेतला आणि पदराला पुसला.

"माहं राहून गेलं," ती म्हणाली. एवढंच. आणि मग पाद्रीसाहेबांची झोळी मागच्या बाकावर राहिली म्हणून तिनं टांगेवाल्याला अशी शिवी हासडली, की मी बाळाचे कान झाकले.

*

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. हंसा आणि शांतवन चांद्यालाच आहेत. सासूबाई दर महिन्याला तिच्याकडे चहाची पूड पाठवतात, निम्मी भांडण म्हणून आणि निम्मी प्रेमानं. उंबऱ्याबाहेर ढावलो गायचा नसतो, म्हणून हंसा आजीला भेटते तेव्हा दोघी नुसत्या बोलतात, ज्वारीबद्दल, शेळ्यांबद्दल. या हिवाळ्यात तेही झालं नाही. हंसाचे दिवस भरत आले आहेत, माझ्या धाकट्याला गोवर निघाला आहे, आणि गेल्या बाजाराला लखीराम भेटला तेव्हा आजी कशी आहे विचारलं, तर तो म्हणाला, "बरी हाय. आजकाल लय बोलत नाही."

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. या वेळी पाहिलेल्याचा अर्थ मला लागतो आहे. म्हणून तुम्हाला सांगते. दारव्ह्याकडे जाणं झालं, तर बोरी अरबला उतरा आणि पुढच्या तांड्यात धनीबाईचं घर विचारा. बरी आहेस का म्हणून विचारू नका, ती व्हय म्हणेल. नुसतं दारात जरा वेळ बसा. तिनं तुम्हाला, तुमच्या बापाला, तुमच्या चपलांना नावं ठेवली, तर निर्धास्त परत या. पण ती गप्प बसून असली, तर त्याच दिवशी मला निरोप धाडा. मी हंसाला घेऊन निघते. ढावलो उंबऱ्याबाहेर चालत नसेल, तर आम्ही तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत बसू.